शाळेला 'टार्गेटेड सपोर्ट'चं पत्र आलंय. शाळा बदलायची का?

नीरा_काठची

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत भाड्याने राहतो. लेक पाचवीत आहे. गेल्या आठवड्यात डिस्ट्रिक्टचं (इथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या कार्यालयाचं) पत्र आलं. आमची शाळा 'टार्गेटेड सपोर्ट अँड इम्प्रूव्हमेंट'च्या यादीत आलीये, कारण एका गटातल्या विद्यार्थ्यांची कामगिरी सातत्याने कमी पडतेय. गट कोणता, तर स्पेशल एज्युकेशनमधली मुलं. नवऱ्याने ते वाचलं आणि रात्री साडेअकराला घरं शोधायला बसला.

लीज जूनमध्ये संपतंय, त्यामुळे निर्णय लांबणीवर टाकता येणार नाही. मी दोन शाळांचे राज्याच्या वेबसाइटवरचे परफॉर्मन्स रिपोर्ट काढून शेजारी शेजारी ठेवले. आमच्या शाळेत गणितात ५१ टक्के मुलं अपेक्षित पातळीवर आहेत आणि 'मीडियन ग्रोथ' ६२. नवऱ्याला हवी आहे त्या शाळेत ७८ टक्के, आणि ग्रोथ ४३. घरांच्या साइटवर आमच्या शाळेला दहापैकी ५, तिला ९.

निम्मीच मुलं पास होतात तिथे वाढ ६२ टक्के कशी काय? आणि ७८ टक्केवाली शाळा ४३ वर का? मी कॉमर्सची पदवीधर आहे, आकड्यांना घाबरत नाही, पण हे काही उमगलं नाही. मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पळ तिथून."

---

बे_एके_बे

९ ची शाळा घ्या. उद्या घर विकत घ्याल तेव्हा विकणारा एजंट तुम्हाला ग्रोथ विचारणार नाही, रेटिंगच विचारेल. आम्ही दोन वेळा घर बदललं ते फक्त शाळेसाठी, पश्चात्ताप नाही. यादीतली शाळा म्हणजे उगाच डोक्याला ताप.

---

खडूची_पूड

नीरा, आधी नवऱ्याला झोपायला सांग. मग निवांत वाच, लांबलचक लिहिणार आहे.

मी २००४ पासून इथल्या पब्लिक शाळांत सहावी-सातवीला गणित शिकवतेय. शाळांना मापणाऱ्या दोन्ही कायद्यांखाली राबलेय, त्यामुळे या विषयावर जरा कडवट झालेय. ते चालवून घे.

पहिलं म्हणजे ६२ हे टक्के नाहीत, क्रमांक आहे. समज, तिसरीत ज्यांना साधारण ७२० गुण मिळाले अशी राज्यभरातली मुलं आपण एका रेषेवर उभी केली आणि वर्षाने चौथीच्या परीक्षेत कोण कुठवर पोचलं ते पाहिलं. एखादी मुलगी त्या शंभरातल्या ७० जणांच्या पुढे निघाली तर तिचा ग्रोथ ७०. शाळेतल्या सगळ्या मुलांचे असे क्रमांक लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. तुझ्या शाळेचा तो मधला ६२ आहे. राज्याचा मध्य ५०. म्हणजे तुमची मुलं ज्या पायरीवरून निघाली, त्याच पायरीवरच्या इतर मुलांपेक्षा ती बरीच झपझप चढली. त्या ९ वाल्या शाळेतली मुलं वरच्या पायरीवरूनच निघाली, पण त्याच वरच्या पायरीवरच्या इतर मुलांच्या मानाने रेंगाळली.

मूल वर्गात शिरलं तेव्हा त्याच्या पाठीशी काय होतं, याचा मोठा हिस्सा ५१ आणि ७८ या आकड्यांत असतो: घरची कमाई, आईबापांचं शिक्षण, शनिवारचा गणिताचा क्लास. आपल्या भागात तर त्या ७८ मधली किती मुलं शाळेने घडवली आणि किती क्लासने, हा हिशोब कुठल्याच रिपोर्टात नसतो. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे गुण एका मापावर आणले तेव्हा हेच दिसलं. सरासरी गुण घरच्या परिस्थितीला चिकटून चालतात, वाढ तेवढी नाही. शिकागो घे. तिथली मुलं तिसरीत देशाच्या बरीच मागे होती, पण २००९ ते २०१४ या पाच वर्षांत ती सहा इयत्तांएवढं शिकली. नुसती सरासरी पाहणाऱ्याला तो डिस्ट्रिक्ट कायम मागासच दिसला असता.

आता जरा जुनं उगाळते, कारण तुझ्या हातातलं पत्र तिथूनच आलंय.

२००२ च्या जानेवारीत बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'वर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये एकदा. प्रत्येक राज्याने पास होण्याची आपली रेघ ठरवायची, आणि २०१३-१४ पर्यंत शंभर टक्के मुलं त्या रेघेच्या वर हवीत. शंभर! वर्षागणिक टप्पा वाढत जायचा आणि तो गाठला का, हे प्रत्येक गटासाठी वेगळं बघायचं: वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुलं. याला एवायपी, म्हणजे 'पुरेशी वार्षिक प्रगती', म्हणायचे. एक गट हुकला की अख्खी शाळा हुकली. गरीब मुलांसाठीचा केंद्राचा निधी घेणारी टायटल वन शाळा सलग दोन वर्षं हुकली की पालकांना दुसऱ्या शाळेत जायची मुभा, तीन वर्षं हुकली की फुकट शिकवणी, पुढे माणसं बदला, कारभार बदला, असा जिना होता.

आमच्या शाळेत काय व्हायचं ते सांगते. तेव्हा आपली परीक्षा 'एनजे आस्क', १०० ते ३०० गुण, २०० ला पास. २००७ च्या सप्टेंबरात पहिल्याच मीटिंगला आम्हा गणितवाल्यांना मुलांची यादी मिळाली. काही नावांवर पिवळा हायलायटर. १८५ ते १९९ मधली मुलं. ही 'काठावरची', यांना रोज चाळीस मिनिटं जादा. २०० च्या वरच्यांची काळजी नाही. आणि १८५ च्या खालच्यांचं? त्यांच्या नावांवर काहीच रंग नव्हता.

त्या बिनरंगाच्या नावांत एक मुलगा होता, १४८ चा. अपूर्णांकांची बेरीज करताना वर वर मिळवायचा, खाली खाली मिळवायचा. एक अर्ध अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. त्याला मी मधल्या सुट्टीत बसवायची, कागदाच्या पट्ट्या कापून. डिसेंबरात कधीतरी त्याने अर्ध्याची पट्टी आणि दोन पंचमांशाची पट्टी एकावर एक ठेवली आणि म्हणाला, "मिस, मिळवल्यावर लहान कसं झालं?" असं त्याचं त्यालाच दिसणं, याचसाठी मी नोकरी करते. वर्षाअखेरीला त्याला १८४ मिळाले. छत्तीस गुण चढला पोरगा. कायद्याच्या हिशोबात तो मागल्या वर्षी नापास होता, या वर्षीही नापास. शाळेच्या खात्यात त्याचे शून्य. आणि शेजारच्या वर्गातली मुलगी १९८ वरून २०१ वर गेली, तर तिच्यासाठी स्टाफरूममध्ये टाळ्या. पोरीचा काय दोष म्हणा.

(सेफ हार्बर नावाची एक पळवाट होती: गटातली नापासांची संख्या दहा टक्क्यांनी घटली तर चालेल. पण तीही रेघ ओलांडणाऱ्यांचीच मोजणी. माझ्या १८४ वाल्याला तिथेही जागा नव्हती.)

शंभर टक्क्यांचं काय व्हायचं ते झालं. २०११ मध्ये शिक्षणमंत्री आर्नी डंकन काँग्रेसपुढे म्हणाले की त्या वर्षी ८२ टक्के शाळा नापास ठरू शकतात. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास ठरल्या, पण निम्म्या तरी काय कमी आहेत? मग २०१२ पासून राज्यांना सूट मिळत गेली, पहिल्या दहांत आपलं न्यू जर्सी होतं. आणि १० डिसेंबर २०१५ ला ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली, 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट'. परीक्षा तशाच राहिल्या, शंभर टक्के आणि एवायपी गेले. आता राज्य एकापेक्षा जास्त मापं लावतं. पासांचं प्रमाण, वाढ, हायस्कूलला पदवीचं प्रमाण, इंग्रजी शिकणाऱ्यांची इंग्रजीतली प्रगती, शिवाय शाळेच्या दर्जाचं आणखी एखादं माप. आपल्याकडे ते आहे गैरहजेरी. १८० दिवसांतले १८ बुडाले की मूल 'क्रॉनिकली ॲब्सेंट'. डिसेंबरची भारतवारी पुढे-मागे दोन-दोन आठवडे ताणणाऱ्या आपल्या मंडळींनी हे एकदा वाचावं. शाळेच्या आकड्यात आपणही असतो.

त्या कायद्यातल्या दोन याद्या लोक एकच समजतात. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणजे टायटल वन शाळांतल्या तळाच्या पाच टक्के, आणि जिथली एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं पदवीपर्यंत पोचत नाहीत अशी हायस्कुलं. तुझी शाळा त्यात नाही. 'टार्गेटेड' म्हणजे एखादाच गट मागे राहतोय. त्या शाळेला सुधारणेचा आराखडा करावा लागतो आणि तो पालकांना सोबत घेऊन करायचा असतो, तसं कायद्यातच आहे. तेव्हा 'पळ तिथून' म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांग की त्या आराखड्यात तुला बोलायची जागा आहे.

ग्रोथला मात्र डोक्यावर घेऊ नकोस. ते तुलनेचं माप आहे. सगळं राज्य एकदम घसरलं तरी मधला ५० च राहणार. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्याकडे ही परीक्षाच झाली नाही, तेव्हा वाढ काढायला मागचा गुणच नव्हता. शाळा लहान असेल तर एका वर्षी ६२, पुढल्या वर्षी ४९ हेही होतं, म्हणून तीन वर्षांचे आकडे बघ. आणि रिपोर्ट असतो मागच्या वर्षाचा. तो ६२ ज्या बाईंनी मिळवला त्या आता तिथे आहेत का, हे फक्त शाळेत जाऊनच कळेल.

लेकीचा स्वतःचा रिपोर्ट घरी आला असेल ना? तिसरीचे आणि चौथीचे गुण लिही इथे.

---

उत्तरेचा_वारा

खडूताईंचं पिवळ्या हायलायटरचं वाचलं. खरं आहे, ऐकलंय असं बऱ्याच ठिकाणी. पण दुसरी बाजू मांडतो.

नीराताई, ते पत्र माझ्या मुलासारख्यांमुळे आलंय. माझा मोठा ऑटिस्टिक आहे, आज चौतिशीत आहे. २००१ मध्ये तो चौथीत होता. राज्याची परीक्षा जवळ आली तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी बायकोला फार गोड शब्दांत सुचवलं, त्याला उगाच ताण नको, त्या दिवसांत घरीच ठेवा. आम्हाला तेव्हा त्यांचा चांगुलपणाच वाटला. तीन दिवस त्याला घेऊन मी बागेत हिंडलो. तो परीक्षेला नव्हता, तर त्याला गुणाकार येतो की नाही हे कुणाच्याच हिशोबात नव्हतं. पुढल्या दोन वर्षांत त्याच्या वर्गात रंगवणे, कापणे, चिकटवणे यापलीकडे फारसं काही झालं नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग तो 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला. प्रत्येक गटातल्या ९५ टक्के मुलांनी परीक्षा दिलीच पाहिजे. २००५ मध्ये, आठवीत, त्याच शहरातून फोन आला: प्लीज, त्याला वेळेवर पाठवा, नाश्ता आम्ही देऊ. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, आपलं पोरगं मोजायला लागले बघ. तो पास झाला नाही. पण त्या वर्षी पहिल्यांदा त्याला गणिताची खरीखुरी शिक्षिका मिळाली, कारण त्याच्या नापास होण्याने शाळेला टोचायला लागलं होतं.

म्हणून कुणी गटवार आकड्यांना शिव्या घातल्या की मला राग येतो. ७८ टक्केवाल्या शाळेत माझ्या मुलासारखे किती आहेत आणि ते कुठे आहेत, ते बघा. गट फार लहान असला तर राज्य त्याचा आकडा छापतच नाही, तिथे नुसती चांदणी असते. चांदणी म्हणजे सगळं छान चाललंय असं नव्हे.

---

खडूची_पूड

वारेकाका, तुमच्याशी वाद नाही. गटवार मोजणं ही त्या कायद्यातली एकमेव गोष्ट होती जिच्यासाठी मी आजही भांडेन. माझं भांडण रेघेशी आहे. तुमच्या मुलाला मोजायला लागले ते गटामुळे, आणि माझ्या १८४ वाल्याला सोडून दिलं ते रेघेमुळे. एकाच कागदावर दोन्ही होतं.

चांदणीचं फार चांगलं लक्षात आणून दिलंत. नीरा, त्या दुसऱ्या शाळेच्या रिपोर्टात स्पेशल एज्युकेशनच्या ओळीत काय आहे ते आत्ता उघडून बघ.

आणि एक विचारायचं राहिलं. नाव घालताना 'घरी कोणती भाषा बोलता' या फॉर्मवर काय लिहिलं होतंस? आपले लोक एकमेकांना सांगतात, 'इंग्लिश' लिहा नाहीतर ईएसएलमध्ये (इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात) टाकतील. नका हो असं करू. छोटी चाचणी असते, येत असेल तर मूल तिथेच सुटतं. नसेल येत तर मदत मिळते आणि ती मदत कामाला आली का, हे शाळेला मोजून दाखवावं लागतं.

---

नीरा_काठची

बापरे, इतकं सविस्तर! दोघांचेही आभार. फॉर्मवर मराठीच लिहिलं होतं, ती दहा मिनिटांत सुटली.

लेकीचे गुण: तिसरीत ७२३, चौथीत ७४२. ग्रोथ ७४. आम्ही फक्त 'लेव्हल ३, अपेक्षांच्या जवळ' एवढंच वाचून तोंड पाडून बसलो होतो. ७४ खालच्या कोपऱ्यात होता, तिकडे लक्षच गेलं नाही. नवरा म्हणाला, पासाची रेघ ७५०, तिला आठ कमी. म्हणजे घरातही पिवळा हायलायटर आहे म्हणा ना.

दुसऱ्या शाळेच्या त्या ओळीत चांदणी आहे. गणितात, वाचनात, दोन्हीकडे.

---

बे_एके_बे

ठीक आहे, मी रिपोर्ट इतका उघडून कधी वाचला नव्हता. आमच्या मुलाचा ग्रोथ आत्ता पाहिला, ३१. शाळा ९ ची आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

नीरा_काठची

काल शाळेत जाऊन आले. प्रिन्सिपल बाईंनी अर्धा तास दिला. पत्राबद्दल विचारलं तर आढेवेढे घेतले नाहीत. चौथी-पाचवीच्या ज्या वर्गांत स्पेशल एज्युकेशनची मुलं बाकीच्यांबरोबर बसतात, तिथे दोन शिक्षक हवेत. दुसऱ्या शिक्षकाची जागा ऑक्टोबरपासून रिकामी आहे आणि रोज बदली माणूस येतो. लेकीला विचारलं तर म्हणाली, "हो, रोज नवीन सर. काल आले होते त्यांना टॅली मार्क्स म्हणजे काय तेच माहीत नव्हतं." म्हणजे हा माझ्याच मुलीचा वर्ग आहे, आणि मला वाटत होतं पत्र दुसऱ्या कुणाबद्दल आहे.

आराखड्याच्या समितीत पालकांच्या दोन जागा आहेत, एक रिकामी होती. नाव देऊन आले. पहिली बैठक येत्या मंगळवारी चारला. लीजचं अजून ठरलं नाही. नवरा घरं बघतोच आहे, फक्त आता प्रत्येक शाळेची ती चांदणीवाली ओळ आधी उघडतो.

वारेकाका, मंगळवारी काय विचारू?

---

उत्तरेचा_वारा

आयईपीमध्ये (स्पेशल एज्युकेशनच्या प्रत्येक मुलासाठी शाळा लेखी आराखडा करते, त्यात) दोन शिक्षक लिहिलेत, तर ऑक्टोबरपासून किती तास प्रत्यक्षात दोन होते, हे विचारा. बुडालेले तास भरून कसे देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही. उत्तर तोंडी मिळालं तर घरी येऊन ईमेल टाका: आज आपण असं म्हणालात, बरोबर ना? तोंडी शब्दावर मी चार वर्षं घालवलीत.

आणि त्या वर्गातल्या आयईपीच्या मुलांच्या पालकांपैकी कुणी समितीत आहे का, ते बघा. नसेल तर दुसऱ्या जागेसाठी त्यांना गाठा.